भार पुढच्या पायावर: मोठेपणी पहिल्यांदा स्नोबोर्ड शिकताना

उतारावर उभं राहिलं की मोठ्या माणसाचं अंग आपसूक मागे रेलतं. ओल्या फरशीवर, निसरड्या पायवाटेवर, जिना उतरताना आपण जन्मभर हेच करत आलो. घसरलोच तर बुडावर आपटू, तोंडावर नको, असा अंगाचा साधा हिशोब असतो. स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायच्या फळीवर, नेमकी हीच सवय घात करते. भार मागच्या पायावर गेला की बोर्डचं पुढचं टोक हलकं होतं, बर्फात पकड घेत नाही, वळायचं नाव काढत नाही आणि बोर्ड सरळ खाली सुटतो. वेग वाढला की माणूस घाबरून आणखी मागे रेलतो. मी ४२ व्या वर्षी पहिल्यांदा बोर्डवर उभी राहिले आणि पहिले दोन दिवस याच फेऱ्यात अडकले होते. बूट निवडण्यापासून पहिल्या वळणापर्यंत पुढे जे लिहिलं आहे, ते सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे. भार पुढच्या पायावर यायला हवा, आणि तो यावा म्हणून आधी भीती उतरायला हवी.

निघण्याआधी

हाताशी ६ ते ८ आठवडे असतील तर पायांवर मेहनत घ्या. उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणं, चवड्यांवर उभं राहून सावकाश खाली येणं, प्लँक. पोटऱ्यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. चवड्यांवर भार देऊन बोर्ड चालवायला लागलात की पहिल्यांदा त्याच भरून येतात. आणखी एक व्यायाम मला फार उपयोगी पडला, तो म्हणजे जमिनीवर बसायचं आणि हातांचा कमीत कमी आधार घेऊन उठायचं. पहिल्या दिवशी उतरण्यापेक्षा पडण्या-उठण्यातच जास्त ताकद जाते.

पडण्याचा सराव घरी गादीवर करता येतो, आणि तो जरूर करा. पुढे पडताना हात ताठ करून तळवे टेकवायचे नाहीत. मुठी वळायच्या, कोपरं दुमडायची, आधी गुडघे आणि मग कोपरापासून मनगटापर्यंतचा सगळा हात टेकवायचा. मागे पडताना आधी खाली बसायचं, म्हणजे आपटायची उंची कमी होते. हनुवटी छातीला लावायची, हात छातीशी घ्यायचे आणि बुडावरून पाठीवर लोळत जायचं. नवशिक्यांना सगळ्यात जास्त दुखापती मनगटाच्या होतात, आणि त्यांचं मोठं कारण म्हणजे पडताना टेकवलेला ताठ हात. स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणाऱ्या पकडी, जोराचा झटका बसला की आपोआप सुटतात. स्नोबोर्डची सुटत नाहीत, दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले राहतात. पाऊल टाकून सावरायची सोयच नसल्यामुळे हात आपोआप पुढे येतात. ही प्रतिक्रिया आधीच मोडून ठेवलेली बरी.

कुठला पाय पुढे?

डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांना रेग्युलर म्हणतात आणि उजवा पुढे ठेवणाऱ्यांना गूफी. डावखुरं असण्या-नसण्याशी याचा थेट संबंध नाही. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चार पावलं धावा आणि घसरा. जो पाय नकळत पुढे गेला तो बहुधा तुमचा पुढचा पाय. पण ही परीक्षा शेवटची मानू नका. तासाभराच्या सरावानंतरही अंग आखडलेलंच वाटत असेल तर इन्स्ट्रक्टरला सांगून बाइंडिंग उलटी लावून बघा. काही मिनिटांचं काम असतं.

बूट, बोर्ड आणि बाकीचं सामान

पहिल्या खेपेला सगळं भाड्याने घ्या. पण भाड्याच्या दुकानात घाई करू नका, विशेषतः बुटांच्या बाबतीत. बोर्ड थोडा इकडेतिकडे असला तरी चालून जातं. बूट सैल असला तर अख्खा दिवस वाया जातो, कारण पायाने दिलेला इशारा बोर्डपर्यंत पोचतच नाही.

बूट असा घालायचा: एकच मोजा, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, नडगीच्या वरपर्यंत येणारा. दोन मोजे घातले तर आत सुरकुत्या पडतात आणि पाय उलट जास्त गार पडतो. आतली थर्मल पँट बुटात खोचायची नाही, तिची शिवण दुपारपर्यंत नडगीला कापायला लागते. पाय आत गेला की बुटाची टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे आपली टाच मागच्या खोबणीत बसते. मग आधी आतला मऊ बूट आवळा आणि नंतर बाहेरचा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत. आता चवड्यांवर उभे राहा, आणि टाचेकडे लक्ष द्या. टाच आत उचलली जात असेल तर तो बूट परत करा. दुकानातला माणूस 'चालेल' म्हणाला तरी परत करा. माझ्या पहिल्या दिवशी असाच 'चालेल' म्हणून मिळालेला बूट होता. चवड्यांवर भार द्यायला गेले की टाच बोटभर वर यायची आणि बोर्ड होता तिथेच राहायचा. दोष माझ्या पायांत आहे असं मी दुपारपर्यंत समजत होते.

बोर्ड साधारण हनुवटी ते ओठ यांच्या मध्ये येईल एवढा लांब असावा. उंचीपेक्षा वजनाला जास्त महत्त्व आहे, त्यामुळे दुकानात वजन खरं सांगा. नवशिक्यासाठी मऊ, सहज वाकणारा बोर्ड मागा. पाय मोठा असेल तर रुंद बोर्ड घ्या, नाहीतर बुटाची टोकं बर्फात घासतात आणि वळताना पाडतात. बाइंडिंगमधलं अंतर खांद्यांएवढं किंवा थोडं जास्त ठेवायचं. पुढचा पाय साधारण १५ अंश पुढे वळलेला आणि मागचा ६ ते ९ अंश उलट दिशेला वळलेला, ही सुरुवातीला सोयीची मांडणी आहे. गुडघे नैसर्गिकपणे वाकतात आणि बोर्ड दोन्ही बाजूंनी चालवता येतो.

हेल्मेटवर वाद नको, ते घालायचंच. मनगटाचे गार्डही घाला. माकडहाडाला जपणारी जाड गादीची चड्डी मिळत असेल तर लाजू नका, पँटच्या आत ती कुणाला दिसत नाही. पहिल्या दिवसात तिच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही. कपड्यांत सुती काहीही नको. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं आणि अंग गारठतं. आत घाम बाहेर टाकणारा थर, मध्ये ऊब देणारा, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो, त्यामुळे ढगाळ दिवशीसुद्धा गॉगल हवा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही लावा. ऊन तिथे खालून लागतं.

शिकवणारा कोण?

पैसे भरून इन्स्ट्रक्टर घ्या. निदान पहिले दोन-तीन वर्ग तरी. चांगलं येणारा मित्र किंवा नवराबायको हा वाईट पर्याय आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याला आपण नेमकं काय करतो ते सांगता येत नाही. शिवाय तासाभरात त्याला वरच्या उतारावर जायचं असतं, आणि तुम्ही संकोचाने त्याच्या मागोमाग जाता. फक्त मोठ्यांचा गट असेल तर तो निवडा. वेळ सकाळची घ्या, पण रात्रभर गोठून बर्फ कडक झाला असेल तर थोडं ऊन चढू द्या. कडक बर्फावर पडणं सिमेंटवर पडण्यासारखं आहे, आणि बोर्डची कडही नीट रुतत नाही.

एक पाय बांधून

सुरुवात सपाट जागेवर होते, फक्त पुढचा पाय बाइंडिंगमध्ये. मागच्या पायाने ढकलत पुढे सरकायचं. ढकलताना पावलं छोटी हवीत. मोठं पाऊल टाकलं की बोर्ड पायाखालून निघून जातो. सरकताना भार बांधलेल्या पायावर ठेवायचा, आणि इथेच पहिल्यांदा कळतं की पुढच्या पायावर उभं राहूनही माणूस पडत नाही. या सरावाला कंटाळू नका. लिफ्टच्या रांगेत, लिफ्टवरून उतरताना, सपाट रस्त्यावर, सगळीकडे हेच लागतं.

मग अगदी किरकोळ उतार, ज्याच्या खाली सपाट मैदान आहे असा. चढताना बोर्ड उताराला आडवा धरून, चवड्याकडची कड रुतवत एकेक पाऊल वर जायचं. वर पोचलात की बोर्ड खाली वळवा, मागचा पाय मागच्या बाइंडिंगला टेकवून बोर्डवर ठेवा आणि सरळ घसरू द्या. गुडघे सैल, नजर समोर. बोर्ड आपोआप थांबेल, काही करायचं नाही. दोन-चारदा जमलं की शेवटी टाचांवर किंवा चवड्यांवर हलका भार द्या. बोर्ड त्या बाजूला वळतो. बस, वळण ते एवढंच असतं. पुढचं सगळं त्याचंच मोठं रूप आहे.

कड म्हणजे ब्रेक

आता दोन्ही पाय बांधायचे. खाली बसून बांधा आणि बोर्ड उताराला बरोब्बर आडवा ठेवा. उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेत वाहत जाईल, त्या रेषेला काटकोनात. बोर्ड जरा जरी तिरका असला तर उठता उठता घसरायला लागतो. उठण्यासाठी बूड बोर्डच्या जवळ आणा, एका हाताने मागून रेटा द्या, दुसऱ्याने बोर्डची बोटांकडची कड धरा आणि पुढे झुकत उठा. हे जमत नसेल तर ओंडक्यासारखं उलटं वळा, गुडघ्यांवर या आणि डोंगराकडे तोंड करून उठा. बऱ्याच मोठ्या माणसांना ही दुसरी रीत सोपी जाते.

पहिली घसरण टाचेच्या कडेवर. तोंड दरीकडे, बोर्ड आडवा, गुडघे किंचित वाकलेले. बोटं वर उचलली की कड रुतते आणि तुम्ही थांबता. बोटं केसभर खाली आणली की बोर्ड हळूहळू खाली घसरायला लागतो. सगळा खेळ त्या केसभर अंतराचा आहे. खुर्चीत बसल्यासारखं बूड मागे काढायचा मोह होतो. तो टाळा, कंबर बोर्डच्या वर ठेवा.

बोटं जास्त खाली गेली तर बोर्ड सपाट होतो, दरीकडची कड बर्फात अडकते आणि माणूस क्षणात तोंडघशी पडतो. कड लागणं म्हणतात ते हेच. पहिल्यांदा कड लागली तेव्हा मला पडल्याचं कळलंसुद्धा नाही. उभी होते, आणि पुढच्या क्षणी गॉगलमध्ये बर्फ. त्यातून एक नियम मनात पक्का बसला: दरीकडची कड नेहमी बर्फाच्या किंचित वर राहिली पाहिजे. चवड्याच्या कडेवर असताना कड लागली तर माणूस पाठीवर फेकला जातो आणि डोकं मागे आपटतं. हेल्मेटचा आग्रह त्यासाठीच आहे.

चवड्याच्या कडेवर तोंड डोंगराकडे असतं आणि दरी पाठीमागे, म्हणून ही बाजू जास्त भीतीची. इथे नडग्या बुटाच्या जिभेवर दाबा, कंबर पुढे ढकला, गुडघे वाकवा. फक्त टाचा उचलून उभं राहिलात तर पोटऱ्या पाच मिनिटांत थरथरायला लागतील. नडगीचा दाब वापरलात तर भार बुटावर येतो आणि पाय टिकतात. पायांकडे बघू नका. समोरच्या डोंगराकडे बघा आणि मधूनमधून खांद्यावरून मागे, खालच्या बाजूला.

या दोन्ही कडांवर थांबणं, सुटणं आणि परत थांबणं हवं तेव्हा जमेपर्यंत पुढे जाऊ नका. माझं हे ठाम मत आहे. मोठी माणसं वळण शिकायची घाई करतात आणि ब्रेक अर्धवट सोडतात. मग वळणाच्या ऐन क्षणी मनाला ठाऊक असतं की आपल्याला थांबता येत नाही, आणि अंग मागे रेलतं. ज्याला थांबता येतं, तोच पुढच्या पायावर भार द्यायला धजावतो.

यानंतर गळत्या पानाचा सराव. पान जसं डावी-उजवीकडे झुलत खाली येतं, तसं एकाच कडेवर राहून आधी डावीकडे तिरकं जायचं, थांबायचं, मग उजवीकडे. जिकडे जायचं तिकडे नजर, तिकडे भार. जायचं तिकडच्या पायावर वजन टाकलं की बोर्ड तिकडे निघतो. आधी टाचेच्या कडेवर, मग चवड्याच्या. हे जमलं की बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, थोडं जास्त खाली वळू द्या आणि त्याच कडेवर परत वर आणा. म्हणजे दर खेपेला अर्धं वळण घेऊन माघारी यायचं. थेट खाली बघण्याची सवय इथे हळूहळू होते.

पहिलं वळण

टाचेच्या कडेवरून चवड्याच्या कडेवर जायचं आहे असं धरू. रुंद, सोपा आणि रिकामा उतार निवडा. टाचेच्या कडेवर सावकाश तिरकं निघा. आता नजर उताराच्या खाली न्या, खांदा मागोमाग जाईल. भार पुढच्या पायावर टाका, पुढचा गुडघा दरीकडे झुकवा. बोर्डचं नाक खाली वळायला लागेल.

इथे तो क्षण येतो. एक-दोन सेकंद बोर्ड सरळ खाली तोंड करून सपाट असतो आणि वेग घेतो. मागे रेलावंसं वाटतं ते नेमकं इथे. बोर्डच्या दोन्ही कडा मध्ये आत वळलेल्या असतात, त्यामुळे कडेवर दाब आला की बोर्ड स्वतःच कमानीत फिरतो. पण वळण पुढच्या टोकाकडून सुरू होतं. पुढच्या टोकावर वजनच नसेल तर फिरणार काय? म्हणून त्या क्षणी आणखी पुढे जा. मला एका इन्स्ट्रक्टरने सांगितलं होतं की पुढच्या हाताने दरीतली एखादी वस्तू उचलायला जातोय असं समज. पुढचा हात खाली लांबवला की खांदा जातो, खांद्यामागे कंबर, आणि भार आपोआप जागेवर येतो. मग पुढच्या पायाची नडगी बुटावर दाबा, मागचा पाय मागून येऊ द्या, आणि चवड्याच्या कडेवर उभे राहून थांबा. थांबायचं तर तुम्हाला आता येतंच.

उलट बाजूचं वळण, चवड्यावरून टाचेवर, बहुतेकांना सोपं जातं कारण वळून झाल्यावर दरी समोर दिसते. तिथे चूक वेगळी होते: घाईने मागचा पाय लाथ मारल्यासारखा फिरवला जातो. बोर्ड फिरतो खरा, पण कड अचानक रुतते आणि तोल जातो. वळण पुढच्या पायानेच सुरू करा आणि पूर्ण होईपर्यंत वाट पाहा. वेग जास्त वाटला तर वळण आणखी लांबवा, जवळजवळ चढाकडे वळेपर्यंत. वेग वळणानेच कमी होतो.

दोन वळणं एकमेकांना जोडली जायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला चार. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी सलग पाच वळणं झाली आणि मी खाली पोचून उगाच रडले. आनंदाने.

लिफ्ट

मॅजिक कार्पेट म्हणजे बर्फावरचा सरकता पट्टा, त्यावर फक्त उभं राहायचं असतं. चेअरलिफ्टला मात्र तंत्र आहे. मागचा पाय सोडा. खुर्ची येण्याआधी खुणेच्या रेषेवर पोचा, बोर्ड सरळ पुढे, एक हात मागे खुर्चीकडे. वर पोचायच्या जरा आधी एका कुशीवर वळून बसा, म्हणजे बोर्ड आपोआप सरळ राहतो. टोक वर उचला, बर्फाला बोर्ड टेकला की उभे राहा, मागचा पाय मागच्या बाइंडिंगला टेकवा आणि सरळ जा. इथेही भार पुढच्या पायावरच. शेजारच्याला धरू नका, दोघंही पडाल. पडलात तर आधी बाजूला सरका, कपडे नंतर झटका. पहिल्यांदा जाताना लिफ्टच्या कर्मचाऱ्याला सांगा, बऱ्याच ठिकाणी ते वेग कमी करतात. दांड्याने ओढत नेणारी लिफ्ट आडवं उभं राहणाऱ्यांना जड जाते, ती पहिल्या दिवशी टाळलेली बरी.

उतारावरची रीत

खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं, कारण खालच्याला मागचं दिसत नाही. निघण्याआधी वर बघा. थांबायचं तर उताराच्या कडेला, आणि उंचवट्याच्या लगेच खाली कधीच नाही, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. उतारांच्या रंगखुणा सगळीकडे सारख्या नसतात. युरोपात निळा म्हणजे सोपा, उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं आणि निळा चौकोन मधला. नकाशा आधी पाहून घ्या. बोर्ड काढून ठेवताना बाइंडिंग बर्फात टेकतील असा उलटा ठेवा. सुटा बोर्ड उतारावरून निघाला तर खालच्या माणसाचा पाय मोडू शकतो.

डोकं आपटल्यावर डोकेदुखी, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर तो दिवस तिथेच संपवा आणि डॉक्टरकडे जा. मनगट सुजलं, किंवा अंगठ्याच्या मुळाशी खळगा असतो तिथे दाबल्यावर दुखलं, तर दाखवून घ्या. तिथल्या छोट्या हाडाची चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून दुखणं टिकलं तर परत तपासून घ्या.

किती वेळ?

पहिल्या दिवशी दोन-अडीच तास पुष्कळ झाले. उंचावर दम लवकर लागतो, तहान मात्र जाणवत नाही, म्हणून आठवणीने पाणी प्या. मांड्या थरथरायला लागल्या की कड धरता येत नाही आणि कड लागायला लागते. ओळीने दोनदा कड लागली की मी थांबते. 'अजून एकच फेरी' हे वाक्य मनात आलं तर ती फेरी झाली असं समजा. तेव्हा वर असाल आणि पायात जोर नसेल तर कर्मचाऱ्याला विचारून लिफ्टनेच खाली या.

खोलीवर आल्यावर बुटातला मऊ बूट काढून वेगळा वाळवा, पण हीटरवर ठेवू नका. सकाळी तो ओला असेल तर पाय दिवसभर गार राहतात. गुडघे आणि पोटऱ्या जरा चालून मोकळ्या करा. आणि दुसऱ्या दिवशी, काल वळणं आली असली तरी, सुरुवात पुन्हा सगळ्यात सोप्या उतारावर टाचेच्या कडेच्या दोन-तीन सावकाश घसरणींनी करा.